आबांचा हात

गाडी तिसऱ्यांदा भर रस्त्यात बंद पडली आणि सूनबाईच्या डोक्याचा पार भुगा झाला. दहा मिनिटं लोण्यासारखी चालायची, मग आचके देत ठाण मांडायची.

सासऱ्यांची ही जुनी गाडी. तिची किल्ली कायम आबांच्याच खिशात. सुनेला झकास चालवता यायची, तरी ती आपली शेजारी बसायची. शेवटी आबा म्हणाले होते, "दुरुस्त करून दाखव, किल्ली तुझी." झालं, बाई इरेला पेटली. पेट्रोलचा पंप नवा बसवला, फिल्टर बदलला, कार्बोरेटर उघडून धुतला, नळीत फुंकून फुंकून गाल दुखले. पुन्हा तेच!

वर आबांचा तोरा. गाडी थांबली की ते उतरणार, टाकीचं झाकण उघडून आत काठी बुडवणार, "पेट्रोल आहे की!" म्हणत झाकण लावणार. मग गाडी सुरू.

"माझा हात लागावा लागतो तिला," हे ठरलेलंच.

आज मागून हॉर्नचा कल्ला चालला होता आणि बॉनेटमध्ये डोकं घालून ती मनातल्या मनात सासऱ्यांचा उद्धार करत होती. तेवढ्यात आबांनी हाक मारली, "अगं, झाकण निघत नाहीये."

तिनं दात-ओठ खाऊन झाकण फिरवलं. फुस्स! टाकीनं हवा आत ओढून घेतली. तिनं झाकण उलटंपालटं केलं. मधलं बारीक भोक कुणीतरी खिडकीच्या काचा बसवायची लांबी भरून बुजवलं होतं, वर रंगाचा ठिपकाही होता.

"हे कुणी केलं?"

"मीच! धूळ जायची आत. काम बघ कसं सुबक आहे."

"अहो आबा, टाकीत हवा जायची वाट ती! पेट्रोल संपेल तशी आत हवा नको? नाहीतर पंपानं कितीही ओढलं तरी टाकी पेट्रोल सोडत नाही. तुम्ही झाकण उघडता म्हणून चालते. कसला हात न् कसलं काय!"

आबांचा चेहरा उतरला. तिला वाईट वाटलं, पण राग त्याहून मोठा होता. तिनं केसातली पिन काढून भोक मोकळं केलं, निघालेला लांबीचा खडा पर्समध्ये टाकला, किल्ली मागून घेतली आणि स्टिअरिंगवर बसली.

"क्लच सावकाश. आरसा बघ. आता गिअर..."

"आबा, मलाही जरा हवा येऊ द्या."

दहा मिनिटं उलटली, मग आणखी दहा. गाडी काही थांबली नाही.

दारात तिनं किल्ली काढली. सवयीनं आबांचा हात पुढे आला. तिनं त्यावर लांबीचा तो खडा ठेवला.