राक्षसबाई

"तोंडापासून सुरू करा," हेडसर म्हणाले. "तोंड गेलं की निम्मं काम झालं."

बाईंनी जाड काळ्या मार्करचं टोपण काढलं. पुस्तक त्यांच्या तिसरीच्या वर्गातलं, चिकटपट्ट्या लावून लावून जगवलेलं. पानावर एक ढेरपोट्या राक्षस विहिरीच्या काठावर बसून रडत होता, कारण त्याच्याशी कुणी खेळत नव्हतं. बाईंनी त्याच्या तोंडावर मार्कर फिरवला. मग डोळ्यांवर, मग ढेरीवर.

"सर, हा रडतोय हो बिचारा. याला कोण घाबरणार?"

"बाई, मला का ऐकवता? वरून आलंय. राक्षस नको, चेटकीण नको, बोलणारे प्राणी नकोत. कुणाची तरी पोरगी रात्री दचकून उठते म्हणे, बापाने तक्रार केली. पुस्तकांवर शाळेचा शिक्का आहे, फेकली तर हिशेब मागतील. ठेवली तर तपासणीला येणारा माणूस बघणार. मग काळं करा, दुसरं काय!"

अक्कल बघा. ससा ठेवायचा, पण त्याचं बोलणं खोडायचं. मग ससा आपला तोंड उघडून तसाच उभा. चेटकीण गेली, तिचा झाडू तेवढा हवेत लटकत राहिला. बाईंनी दुपारभर हे काम केलं आणि बोटं काळी घेऊन घरी गेल्या. साबण लावून घासली तरी नखांतलं काही निघालं नाही.

मुलं त्यांना राक्षसबाई म्हणत. तोंडावर नाही अर्थात, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. मधल्या सुट्टीनंतर वर्ग पेंगायला लागला की त्या पुस्तक उघडायच्या आणि पोटातून असा काही आवाज काढायच्या, की शेजारच्या वर्गातली पोरं पाढे विसरायची. अख्खी नोकरी त्यांनी या आवाजावर काढली. एरवी त्यांच्यात लक्षात राहण्यासारखं काही नव्हतं. गणित बेताचं, अक्षर बरं. पण मोठी होऊन बाप झालेली पोरं रस्त्यात भेटली की अजूनही म्हणत, "बाई, एकदा तो आवाज काढा ना!" आणि बाई भर रस्त्यात काढायच्याही.

काळी केलेली पुस्तकं वर्गातल्या कपाटात परत गेली. पहिल्याच दिवशी मुंगीने पान उघडलं. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात चिमुकली पोर. दप्तर तिच्याहून मोठं, म्हणून हे नाव.

"बाई, याच्याखाली कोण आहे?"

"कुणी नाही गं."

"मग झाकलं कशाला?"

बाईंनी पान उलटलं. उत्तर वर्गानेच शोधलं. एक म्हणाला, त्याला तोंडच नाहीये, तो पोटाने माणसं खातो. दुसरा म्हणाला, जास्त वेळ बघितलं की आपलं पण तोंड जातं. बघता बघता कपाटाकडे कुणी फिरकेनासं झालं. मुंगी तर एकटी लघवीलाही जाईना. एके दिवशी बाकावरच तिचा फ्रॉक ओला झाला आणि ती मान खाली घालून मुकाट रडत राहिली.

बाईंनी तिला बदलायला कपडे दिले, बाक पुसला, आणि मग त्यांचं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांत त्या रडक्या राक्षसाला एक पोर घाबरलं नव्हतं हो! यांनी त्याचं तोंड काढून घेतलं आणि त्याला खरा राक्षस करून ठेवलं. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर भलीमोठी ढेरी काढली, फेंदारलेलं नाक काढलं, गालावर टपोरे अश्रू काढले.

"हे बघा! हा बसलाय त्याच्याखाली." आणि पोटातून आवाज आला, "माझ्याशीऽऽ कुणी खेळतं का होऽऽ?"

वर्ग खो खो हसत सुटला. मुंगीने नाक पुसलं. "एवढाच?"

"एवढाच गं. रडूबाई नुसता."

तो आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. व्हरांड्यात हेडसर होते आणि त्यांच्यासोबत तपासणीचा माणूस.

माणूस काही वाईट बोलला नाही. "बाई, पुसा ते," एवढंच म्हणाला. "आणि मुलांना सांगा, असं काही नसतं. नाहीतर मला वर कळवावं लागेल." ओरडले ते हेडसर. ओरडताना त्या माणसाला दिसायला हवं होतं, म्हणून भरवर्गात, हात नाचवत ओरडले. तिसरीतली पोरं आपल्या बाईंना बोलणी खाताना बघत होती.

बाईंच्या डोळ्यांसमोर घर आलं. अंथरुणाला खिळलेला नवरा, उशाशी औषधं. नोकरी गेली तर त्याचं कोण करणार? त्यांनी डस्टर घेतलं.

"मुलांनो, असं काही नसतं," त्या म्हणाल्या. "मी उगाच आवाज काढत होते. आता नाही काढणार."

"कधीच नाही?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"कधीच नाही," हेडसरांनी परस्पर सांगून टाकलं.

त्यानंतर मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला शुद्धलेखन सुरू झालं. पोरं शहाण्यासारखी लिहीत, पेंगत, पुन्हा लिहीत. शेजारच्या वर्गाचे पाढे आता न चुकता ऐकू येत. बाईंना ते ऐकवत नसे.

पुढच्या चित्रकलेच्या तासाला त्यांनी आवडतं माणूस काढायला सांगितलं. कुणी आई काढली, कुणी मामा. मुंगी कागद घेऊन टेबलाशी आली. चष्मा, अंबाडा, झोळीसारखी पर्स, सगळं नीट होतं. तोंडाच्या जागी मात्र काळा तेलखडू इतका घोटला होता की कागद फाटायला आला होता.

"ही कोण गं?"

"तुम्ही."

"आणि हे?"

मुंगी अगदी कानाशी आली. "मीच केलं, बाई. आता तुमचा आवाज बाहेर येणारच नाही. मग ते सर तुम्हाला ओरडणार नाहीत."

चित्र पुढे धरून ती बाईंकडे बघत उभी राहिली. बाईंनी लाल पेन उचललं आणि चित्राखाली 'छान' असं लिहिलं.