आंबाडीतली चार झाडं

संगमेशनं आईच्या मनगटावर असा काही फटका मारला, की तिच्या ओटीतली आंबाडीची भाजी परसभर सांडली.

"तिकडल्या झाडाला हात लावू नको म्हणून किती डाव सांगू, अव्वा?"

कमलम्मा मनगट चोळत उभी राहिली. मोतीबिंदूमुळं तिला पान धड दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी काय उपयोग होता म्हणा! गांजाचं पान आंबाडीच्या पानाशेजारी ठेवलं तर डोळसही चकतो. म्हणून तर संगमेशनं परसात आंबाडी दाट पेरली होती आणि मधोमध ती चार झाडं लपवली होती.

कंधारच्या माळावरचा ठेंगणा आणि देवणीकडचा उंच, अशा गांजाच्या दोन जुन्या गावरान वाणांचा संकर तो तीन वर्षं करत होता. उदगिरात बियाण्याच्या दुकानात वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या वाणांच्या पिशव्या विकल्या होत्या. एक वाण आपल्या हातचा असावा, एवढंच खूळ डोक्यात बसलेलं. यंदा चारी झाडांवर दाणा भरला होता. आठ दिवसांत बी हाती येणार होतं, आणि तोवर घरात कुणी खोकलेलंही त्याला खपत नव्हतं.

त्याची बायको दामिनी खाली बसून भाजी वेचू लागली.

"म्हाताऱ्या माणसावर हात टाकता? जनाची न्हाई तर मनाची तरी ठेवा."

"तू गप."

"बियाण्याला राखल्यालं झाड हाय ना? मग चिंधी बांधा की. समद्या गावात बांधतेत. आत्या चाचपून वळखतेल."

"चिंधी बांधू? अन् पोलिसाला जेवायला बोलावू?" तो खेकसला. "पुन्हा हिथं पाय ठेवला तर दोघींनाबी घराबाहेर काढीन."

तेवढ्यात भिंतीपलीकडून चुलतभाऊ मन्मथ ओरडला.

"संगमेश, वास येऊन राहिला! मुकाट्यानं उपटून टाक, न्हाई तर ठाण्यात जातो बघ मी."

"जा की! आंबाडी पेरल्याचं कोणतं कलम लागतं, तेबी विचारून ये."

मन्मथ बोलला तसं त्यानं केलं. तिसऱ्या दिवशी सकाळीच एक जमादार आणि एक शिपाई दारात उभे राहिले. घर पालथं घालून झाल्यावर ते परसात आले. शिपाई शेतकऱ्याघरचा. त्यानं कडेचं एक पान तोडून चावलं, चार पावलं पुढं जाऊन दुसरं चावलं.

"आंबट लागून राहिलं, साहेब. आंबाडीच हाय समदी."

संगमेशच्या जिवात जीव आला. जमादार मन्मथला शिवी हासडून वळला, आणि वळता वळता थांबला.

"त्या चिंध्या कशाच्या रे?"

चारी झाडांना लाल चिंध्या बांधलेल्या होत्या. काल संध्याकाळी त्या नव्हत्या. एकीला काठ होता, आणि तो काठ संगमेशनं लगेच ओळखला. गेल्या दिवाळीला ती साडी त्यानंच आणली होती. दामिनीनं ती दोनदासुद्धा नेसली नव्हती.

"बियाण्याला राखलं असंल की," कमलम्मा भाबडेपणानं म्हणाली.

"एवढ्या आंबाडीत चारच?" शिपाई आत घुसला, चिंधीच्या झाडाचं पान चावलं आणि पचकन थुंकला. ते आंबट नव्हतं.

दामिनीनं त्याला चूळ भरायला तांब्या दिला.

"तू बांधल्यास?" संगमेशनं विचारलं.

"आत्याचा हात चुकून पडू न्हाई म्हणून," ती म्हणाली. "आता मार सोसत न्हाई त्यांना."

चारी झाडं मुळासकट उपटली गेली. कच्चं-पिकलं बी मातीत सांडलं आणि बुटांखाली गेलं. मागोमाग संगमेशलाही जीपमध्ये बसवलं.

म्हातारी बराच वेळ दाराशी उभी होती. मग चाचपत परसात आली, ओटी खोचली, आणि सवयीनं हात पुढं करून थबकली.

"आता तोडू का गं?"

"तोडा, आत्या," दामिनी म्हणाली. "कुठलंबी तोडा."