बटणीचे कच्चे टाके

टेलरमास्तरांची एक खोड अख्ख्या गल्लीला ठाऊक होती. दुसऱ्याने घातलेला टाका त्यांना बघवत नसे. बसमध्ये पुढच्या माणसाची कॉलर उसवलेली दिसली, तरी यांचे हात शिवशिवायचे. मग स्वतःच्या मुलीच्या शिवणाचं काय विचारता! शाळेत असताना तिने एक रुमाल शिवला होता. तिची पाठ वळताच मास्तरांनी तो उसवून पुन्हा शिवला. शाळेतल्या बाईंनी तो बघितला, पोरीकडे बघितलं आणि शून्य मार्क दिले.

या मुलीने लहानपणी कोटाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून तिचं नाव बटणी पडलं ते पडलंच. आता ही बटणी सैन्यात होती. लढाईत कोणी जखमी झालं, की जागच्या जागी त्याचं रक्त थांबवायचं आणि दवाखान्यापर्यंत त्याला जिवंत पोचवायचं, हे तिचं काम. प्रशिक्षण नुकतंच संपलं होतं. सीमेवर रुजू व्हायच्या आधी थोडी रजा मिळाली म्हणून ती घरी आली होती आणि परवा निघणार होती.

मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता. लढाईचं भय होतंच, ते कोणत्या बापाला नसतं? पण त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. ही पोर रक्त बघून आडवी व्हायची. शेजारच्या मुलाचा गुडघा फुटला तेव्हा तो मुलगा आपल्या पायांनी घरी गेला होता, आणि हिलाच उचलून आणावं लागलं होतं. अशी मुलगी गोळ्या सुटत असताना काय करणार?

"तुम्हाला शिकवलं तरी कशावर?" त्यांनी जेवताना विचारलं.

"आधी पुतळ्यांवर. रबरी असतात. मग एकमेकांवर."

"पुतळ्यांवर!" मास्तरांनी घास ताटात ठेवला. "अगं, पुतळ्यावर कोट झकास बसतो. माणसाच्या अंगात घातला, की काखेत ओढतो. पुतळा हलत नाही, ओरडत नाही."

"आमचे ओरडतात, बाबा. आत स्पीकर असतो."

आईला ठसका लागेपर्यंत हसू आलं. मास्तरांना काही हसू आलं नाही.

सीमेपासून चांगलं लांब असलेल्या मोठ्या लष्करी इस्पितळात काही जागा रिकाम्या होत्या. मागितली तर तिथे नेमणूक मिळते, हे बटणीनेच आल्या दिवशी सहज सांगून टाकलं होतं. मास्तरांनी तेवढंच धरून ठेवलं. 'तू तिकडे माग,' एवढंच तर म्हणायचं होतं. पण पोरीसमोर तोंड उघडलं, की भलतंच बाहेर पडायचं.

"काय, बाबा?"

"काही नाही. मोजे घेतलेस का?"

आठवडाभरात त्यांनी मोज्यांची इतक्यांदा चौकशी केली, की आईने शेवटी विचारलं, "अहो, पोरगी लढाईला चाललीय की मोजे विकायला?"

घर लहान, म्हणून बटणीचं सामान पुढच्या खोलीत, म्हणजे दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर पडलेलं असे. त्यात कमरेला लावायचा जाड कापडाचा एक पाउच होता, पट्ट्या आणि बँडेज ठेवायचा. मास्तरांनी तो सहज हातात घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. समोर बक्कल ठीक होतं, पण झाकणाच्या दोन्ही बाजू नुसत्या चार-चार टाक्यांवर अडकवलेल्या होत्या. टाके कसले, वेडेवाकडे, सैल! ते कोणाचे, हे ओळखायला त्यांना चष्माही लागला नाही.

"धावताना सगळं सामान सांडायचं की हिचं," ते पुटपुटले. पाउच मशीनवर घेतला, जाड नायलॉनचा दोरा ओवला आणि दोन्ही बाजूंना दुहेरी शिलाई मारली. मग ओढून बघितलं. ढिम्म हललं नाही. आठवड्यात पहिल्यांदा त्यांना जरा बरं वाटलं.

दुपारी आतून मायलेकींचं बोलणं ऐकू आलं.

"बक्कल उघडायला दोन हात लागतात, आई. आणि माझा एक हात तर जखमेवर दाबलेला असणार. म्हणून बक्कल मोकळं ठेवून बाजूला मुद्दाम कच्चे टाके घालायचे. एक हिसका दिला, की अख्खा पाउच उघडतो."

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. एखाद्या शहाण्या माणसाने आत जाऊन सांगितलं असतं, 'अगं, माझ्या हातून असं असं झालं.' पण आमचे मास्तर! त्यांनी गुपचूप ब्लेड काढलं, पाउच डाव्या हातात घट्ट धरला आणि घाईघाईने उसवायला बसले. एक बाजू सुटली. दुसऱ्या बाजूचा दोरा दाद देईना. त्यांनी जोर लावला, ब्लेड सटकलं आणि अंगठ्याच्या बुडाशी तळव्यात खोल गेलं.

त्यांची हाक ऐकून दोघी धावत आल्या. टेबलावर, पाउचवर, अर्धवट शिवलेल्या पँटवर, सगळीकडे रक्त. मास्तरांना वेदना नंतर कळली. आधी मनात आलं ते हेच, की आता ही पडणार, आणि हिचं डोकं मशीनच्या चाकावर आपटणार.

"बटणे, बघू नकोस!" ते ओरडले.

बटणीने एका हाताने त्यांचा तळवा दाबून धरला होता. दुसऱ्या हाताने तिने पाउचच्या झाकणाला हिसका दिला. उघडला नाही. पुन्हा दिला. नाही. तिने तो तिथेच सोडला, परत त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही, आणि टेबलावरची अस्तराच्या कोऱ्या सुती कापडाची घडी उचलून जखमेवर दाबली.

"बसा. हात वर. माझ्याकडे बघा, बाबा, हाताकडे नाही. आई, खुर्ची. मग पाणी."

आवाज चढलेला नव्हता, पण मास्तर निमूट बसले. आई, जी एरवी कोणाचं ऐकत नसे, तिनेही मुकाट्याने खुर्ची आणली. बटणीने सगळा भार देऊन दाबून धरलं आणि मध्येच, गिऱ्हाइकाशी बोलावं तशी, बोलत राहिली. अंगठा हलवा. आता एकेक बोट. इथे हात लावलेला कळतोय? मास्तर उत्तरं देत होते आणि तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. ती पांढरी पडली नव्हती. घाबरली होती, थोडीशी, ते बापाला दिसतंच. पण तिच्या हाताचा दाब जराही सैल झाला नव्हता.

"तू पडली नाहीस," ते म्हणाले.

"पहिल्या दिवशी पडले होते. दुसऱ्या दिवशीही."

"मग?"

"मग आम्हाला शिकवणारे उस्ताद म्हणाले, रक्ताकडे बघू नकोस, माणसाकडे बघ. ते जमलं मला."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखतंय म्हणून, असं त्यांनी आईला सांगितलं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी टाके घातले. मास्तरांनी ते बारकाईने तपासले आणि जरा लांब पडलेत, असा शेरा मारून डॉक्टरांचा रोष ओढवून घेतला. घरी परतल्यावर त्यांनी पाउचचा सगळा पराक्रम कबूल केला. बटणी एवढी हसली, की तिला भिंतीला टेकावं लागलं.

मग ती त्यांच्या स्टुलावर बसली. उरलेली शिलाई उसवली, कापड पुसलं आणि नव्याने टाके घालू लागली. मास्तर बँडेज बांधलेला हात छातीशी धरून शेजारी उभे. एक टाका लांब, एक आखूड, तिसरा तिरका. त्यांची बोटं बँडेजच्या आतसुद्धा शिवशिवत होती.

"अख्ख्या तुकडीत माझेच टाके पास झाले, बाबा. बाकी सगळ्यांचे फार पक्के."

"ओढू?"

"ओढा."

त्यांनी उजव्या हाताने एक हिसका दिला. पाउच टर्रकन पूर्ण उघडला. इतकं सुरेख उसवलेलं त्यांनी आयुष्यात काही बघितलं नव्हतं. मनातली भीती काही संपली नव्हती, ती ही पोर परत येईपर्यंत संपणारही नव्हती. पण हिला जमेल का, हा प्रश्न आता त्यांच्याकडे उरला नव्हता.

बटणीने पुन्हा सुई ओवली.

"बाबा, तुम्हाला मला काहीतरी सांगायचंय ना? आल्यापासून बघतेय मी."

मास्तरांनी त्या वाकड्या टाक्यांकडे बघितलं.

"मोजे घेतलेस का?"

"घेतले."

"मग जाऊन ये," मास्तर म्हणाले.