काचेतून न दिसणारं वळण

जॅकीचे बूट काढताना सँड्राचा हात थबकला. सकाळी तिने स्वतः घातलेले गुलाबी मोजे गायब होते. त्यांच्या जागी करड्या रंगाचे, मोठ्या माणसाचे मोजे होते.

"हे कुणाचे गं?"

"माइन गॉट वेट, मम्मा. नथिंग."

"ओले कसे झाले? बूट तर घट्ट होते."

जॅकीने खांदे उडवले आणि मान फिरवली. ही मान फिरवणं सँड्राला चांगलं ठाऊक होतं.

दहा वर्षांच्या जॅकलीनला जन्मापासून कमरेखाली ना ताकद होती ना जाणीव. दोन वर्षांपूर्वी एका क्लिनिकमध्ये शेकाच्या पिशवीने तिची पोटरी भाजली, तिला कळलंही नाही. तिथल्या लोकांनी सरळ सांगितलं, ॲलर्जी आहे. तेव्हापासून सँड्राचा कुणावर विश्वास उरला नव्हता. दुधाने तोंड पोळलेली बाई ती, ताक फुंकूनच पिणार. आखातातल्या या शहरात, मॉलमधल्या कृत्रिम बर्फाच्या उतारावर अपंग मुलांना स्की शिकवणार म्हटल्यावर तिने आधी नाहीच म्हटलं होतं. मार्कने, तिच्या नवऱ्याने, आठवडाभर समजूत घातली तेव्हा कुठे ती तयार झाली.

शिकवणारा वली हुंझाच्या बर्फाळ डोंगरांकडचा, चाळिशीचा, अबोल माणूस. खाली दोन स्की लावलेल्या खुर्चीत तो जॅकीला पट्ट्यांनी बांधायचा, तिच्या दोन्ही हातांत टोकाला छोटी स्की असलेल्या काठ्या द्यायचा आणि मागून दोर धरून तिला उतारावरून न्यायचा. पालकांनी वर काचेमागे बसायचं, असा नियम होता. पण उतार मध्येच एका वळणाआड जायचा. तिथे गेलेली जॅकी दहा-दहा मिनिटं दिसत नसे.

मोजे दिसताच सँड्राने तिथेच वलीला गाठलं. "मोजे किसने बदले?"

"मैंने, मॅडम. गीले थे."

"क्यों गीले थे?"

त्याने जॅकीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "बर्फ है, मॅडम."

दोघांचं उत्तर तेच. जणू आधीच ठरवलेलं.

त्या संध्याकाळी आंघोळ घालताना जॅकीच्या कोपरावर निळसर डाग दिसला. "डोअर," जॅकी म्हणाली. कुठलं दार, ते मात्र सांगेना.

मार्क हॉटेलची ड्यूटी संपवून आला, तेव्हा सँड्रा म्हणाली, "तो माणूस काहीतरी लपवतोय. आणि तिलाही लपवायला शिकवतोय."

"तुला सगळेच चोर दिसतात, सँड्रा."

"एकदा दिसला नव्हता, तेव्हा काय झालं?"



दुसऱ्या दिवशी आपल्या ऑफिसातून तिने हे स्की-वर्ग चालवणाऱ्या सुरैय्याला फोन केला. सुरैय्या गोड बोलली: वली इथला सगळ्यात अनुभवी माणूस आहे, काळजी नको, इन्शाल्ला सगळं छान होईल. छान होईल! सँड्राने फोन ठेवला आणि ठरवून टाकलं.

पुढच्या शनिवारी जॅकीला वलीच्या हवाली करून ती म्हणाली, "मी खाली जरा सामान घेऊन येते." मग तिने साधं तिकीट काढलं, भाड्याचं जाड जॅकेट चढवलं, टोपी डोळ्यांपर्यंत ओढली आणि कठड्याच्या कडेने चढत वळणाजवळ गेली. थंडीने नाक बधिर झालं होतं. लेकीवर अशी पाळत ठेवताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती, तरी पाय थांबले नाहीत.

वळणाआड वलीने खुर्ची थांबवली. इकडेतिकडे पाहिलं. मग जॅकीच्या खांद्याला धरून त्याने तिला खुर्चीसकट बर्फात आडवं केलं आणि हाताची घडी घालून बाजूला उभा राहिला.

"ए!" सँड्रा किंचाळत धावली. चार पावलांवर तिचा पाय घसरला आणि ती दाणकन आपटली. "हात लावू नकोस माझ्या मुलीला!"

"मम्मा, स्टॉप!" बर्फात एका कुशीवर पडलेली जॅकी तिच्याहून मोठ्याने ओरडली. "डोन्ट टच मी! आय ॲम गेटिंग अप!"

सँड्रा बसल्या जागी गोठली. जॅकीने एक काठी बर्फात रोवली, कोपरावर भार घेतला, अंग उचललं. खुर्ची अर्धी वर आली आणि पुन्हा कोसळली.

"पडना नहीं आया तो अकेले चलाना भी नहीं आएगा, मॅडम," वली हळूच म्हणाला. "पिछले हफ़्ते बूट में बर्फ गया. मोजे बदले, उंगलियाँ देखीं. हर दस मिनट देखता हूँ."

"मग मला का नाही सांगितलं? मुझे क्यों नहीं बताया?"

"बच्ची ने क़सम दी थी."

"क़सम? तिची आई आहे मी! पायाला लागलं तर तिला कळत नाही, माहितीय ना तुला?"

वलीचा चेहरा उतरला. "ग़लती हुई. बताना चाहिए था."

"इफ आय टोल्ड यू," खालून जॅकी धापा टाकत म्हणाली, "यू वुड से खलास. लाइक स्विमिंग. लाइक द डेझर्ट ट्रिप."

पोहणं तिनेच बंद केलं होतं. वाळवंटातली सहलही.

तोवर जॅकीने पुन्हा काठी रोवली होती. दोनदा घसरली. तिसऱ्यांदा दात-ओठ खात तिने जोर लावला आणि खुर्ची डुगडुगत सरळ झाली. सँड्राचे दोन्ही हात तिच्याकडे निघाले होते. तिने ते काखेत दाबून धरले.

त्याच दिवशी तिने सुरैय्यासमोर वलीला बजावलं: जॅकी पडली तर आईला कळायलाच हवं, शपथ असो वा नसो. आणि मी वर काचेमागे बसणार नाही. सुरैय्या कुरकुरली, पण वळणापाशी पालकांना उभं राहायची जागा मिळाली.

दोन महिन्यांनी वलीने दोर सैल सोडून जॅकीला वरून खाली येऊ दिलं. सगळे जॅकीकडे पाहत होते. सँड्रा बघत होती वलीच्या हाताकडे, दोर अजून मुठीत आहे ना म्हणून. त्यामुळे वळणावर जॅकीने काठी टेकवून खुर्ची कशी वळवली, ते तिचं पाहायचं राहूनच गेलं.

"डिड यू सी द टर्न?" खाली पोचताच जॅकीने विचारलं.

"नाही गं," सँड्राने खरं सांगून टाकलं. "परत करून दाखव."