भिंतीचा कोपरा

खर्र. दुपारच्या सामसुमीत मातीच्या भिंतीवर नख ओढल्याचा आवाज झाला आणि मी ओळखलं, वन्सं परत माती खाताहेत.

बनाबाई माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. दुष्काळी कामावर खडी फोडायच्या. चार पावलं चालल्या की धाप लागायची, बूड टेकायच्या. मी त्यांना अंगचोर समजत होते.

मी जळकोटच्या शाळेत शास्त्र शिकवते. त्याच आठवड्यात नववीला सांगितलं होतं, रक्तात प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंडाला कळतं. ते हाडांतल्या मज्जेला निरोप धाडतं, मग मज्जा तांबड्या पेशी वाढवते. पुरेशा झाल्या की निरोप आपोआप मंदावतो. पोरांनी लगेच पाठ केलं.

घरी मात्र माझ्या लेकीचं, शामलीचं अंगावरचं पिणं तोडायला वाटलेला कडुलिंब उरला होता, तो मी वन्सं माती खरवडायच्या त्या कोपऱ्याला फासला. शेजारणी बसल्या होत्या. म्हटलं, वन्संचंही दूध तोडतेय. सगळ्या हसल्या. वन्संही हसल्या, तोंडाला पदर लावून. बायका गेल्यावर हळूच म्हणाल्या, "मलाबी लाज वाटती गं. पण जीभ मागती."

परवा त्या खडीच्या ढिगापाशीच कोसळल्या. नर्सबाईंनी पापणी उलटून दाखवली, आत पांढरीफटक. अंगात लोह नसलं की बायकांना मातीची ओढ लागते, म्हणाल्या. मला मान वर करवेना. म्हणजे निरोप रोज जात होता. मज्जेत मजूर हजर होते, फोडायला लोहाचे दगडच नव्हते. आणि मी शिकलेली बाई, माझ्याच घरातली ती खूण कडू करून ठेवली.

आज लोहाची गोळी तळहातावर ठेवून मी त्यांच्यापुढं बसले. त्यांनी ती उचलली, नाकाशी नेली.

"यालाबी लावलंस का काय?"

हसतच विचारलं त्यांनी. माझ्याच्यानं हसवलं नाही. मी पाया पडले, तशी त्यांनी गोळी पाण्याबरोबर गिळली आणि तोंड भिंतीकडं करून पडल्या.

मग मी ओल्या फडक्यानं कोपरा पुसायला घेतला. हिरवा डाग मातीत मुरलेला, निघेना. शामली येऊन शेजारी उकिडवी बसली, डागाला बोट लावलं, चाटलं, तोंड वाकडं केलं.

"आई, मी तर मोठी झाले म्हणून लावलंस. आत्याला का लावलंस?"