भावासाठी दिलेली साक्ष

मी एक जुना भूकंपमापक आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी चंद्रावर गेलेलो नाही. गेला तो माझा जुळा भाऊ. हे कळलं की लोकांचा चेहरा जरा उतरतो. तुमचाही उतरला असेल. पण थोडा दम धरा. भावाने तिकडून जे कळवलं ते खरं आहे, हे सिद्ध करायची वेळ आली तेव्हा साक्ष द्यायला मीच होतो.

आम्हा दोघांना घडवलं अर्विन क्रेनेक यांनी. टेक्ससच्या किनाऱ्यावर, कोळंबीच्या बोटी लागतात त्या धक्क्यामागे एक विज्ञानसंस्था होती. तिच्या कार्यशाळेत ते काम करत. त्याआधी वीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. बोटं जाड, पण केसाएवढी स्प्रिंग त्या बोटांत मुकाट्याने वळायची. भूकंपमापकाचं काम ऐकायला सोपं आहे. आमच्या पोटात एक वजन स्प्रिंगवर टांगलेलं असतं. जमीन हलली की आमचं भांडं तिच्याबरोबर हलतं, वजन मात्र आपली जागा सोडायला राजी नसतं. दोघांत पडलेलं अंतर तारेतून बाहेर जातं आणि कागदावर सुईची रेघ नागमोडी होते. झालं. पण अर्विन यांनी आम्हाला इतकं हळवं केलं होतं की शेजारच्या खोलीत कुणी खुर्ची सरकवली तरी आम्हाला समजायचं.

दोघांपैकी एकच जाणार होता. शेवटच्या आठवड्यात माझ्या झाकणावर नखाएवढा ओरखडा निघाला आणि मी मागे राहिलो. भावाला चंदेरी आवरणात गुंडाळून पेटीत ठेवलं. पेटी बंद करण्याआधी अर्विन यांनी त्याचा एक स्क्रू पुन्हा पाव फेरा आवळला. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे या पाव फेऱ्याने त्यांची झोप उडवली.

दोन चांद्रवीरांनी भावाला चंद्राच्या जमिनीवर ठेवलं आणि पृथ्वीवर संदेश पाठवणाऱ्या यंत्राला त्याची तार जोडली, त्या दुपारी आमच्या संस्थेत सगळे एका सुईभोवती गोळा झाले होते. रेघा वाचायचं काम लव्हॉन टिब्स नावाच्या चोवीस वर्षांच्या मुलीकडे होतं. ती त्याच गावची, गणितात हुशार आणि बोलायला फटकळ. सुई हलली. लव्हॉन वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "मिस्टर अर्विन, ही पावलं आहेत. आणि यातला एक जण पाय फरफटत चालतोय."

"तो पोशाख घालून तुम्ही चालून दाखवा मग, मिस लव्हॉन," अर्विन म्हणाले. सगळे हसले. मी कोपऱ्यातल्या टेबलावर होतो. भावाचा पहिला शब्द ऐकून मलाही धन्य वाटलं.

आनंद दोनच दिवस टिकला. चांद्रवीर ज्या छोट्या यानातून चंद्रावरून उठले, ते यान, दोघं परतीच्या मोठ्या यानात गेल्यावर, रिकामं झालं. ते मुद्दाम चंद्रावर आपटायचं आधीच ठरलं होतं. ठोका कुठे बसणार, किती जोराने बसणार, सगळं माहीत होतं. तो भावापर्यंत कसा पोचतो यावरून चंद्राच्या पोटात काय आहे ते ताडता येणार होतं. पृथ्वीवर असा ठोका बसला तर एक-दोन मिनिटांत सगळं शांत होतं. भावाची रेघ मात्र हळूहळू फुगत गेली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आमचे प्रमुख डॉ. पेनिक यांनी हातातला थंड चहा तसाच खाली ठेवला. पाऊण तास उलटून गेला तरी रेघ थरथरतच होती.

चंद्र असा थरथरेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मग चूक यंत्राचीच असणार. मोहिमेच्या मुख्य कचेरीतले एक अभियंते फोनवर म्हणाले की तुमच्या यंत्राला हुडहुडी भरली आहे, आत स्प्रिंग सैल झाली असावी. त्यांचं म्हणणं टाकून देण्यासारखं नव्हतं. पुढच्या मोहिमेत दुसरं यंत्र पाठवायचं ठरलं होतं आणि यानात जागा अपुरी होती. बिघडणारं यंत्र पाठवण्यापेक्षा त्या जागेत दुसरं काही नेलेलं बरं. दहा दिवसांनी बैठक होती. तोवर यंत्र निर्दोष असल्याचा पुरावा द्या, नाहीतर यंत्र वगळा, असा निरोप आला.

आता माझी आठवण झाली. जुळा भाऊ असल्यामुळे माझी परीक्षा म्हणजे त्याचीच परीक्षा. कार्यशाळेत मला ठोके दिले, तापवलं, गार केलं. दर वेळी माझी रेघ मिनिटभरात शांत व्हायची. डॉ. पेनिक यांनी आकडे कळवले. फोनपलीकडचे अभियंते शांतपणे म्हणाले, "पण तुमच्या इथल्या यंत्राला टेकू आहे. वरच्याला नाही."

ते खरं होतं. चंद्रावर कोणत्याही वस्तूचं वजन इथल्या सहाव्या हिश्श्याएवढंच भरतं. आमच्या स्प्रिंगा चंद्रासाठी केलेल्या, नाजूक. पृथ्वीवर आमचं वजन त्यांना पेलवत नाही. म्हणून अर्विन यांनी माझ्या पोटात जास्तीची एक आधाराची स्प्रिंग बसवली होती. तिच्यामुळे मी थोडा वेगळा झालो होतो. साक्षीदारच बदललेला असेल तर साक्षीला काय अर्थ?

अर्विन दोन दिवस वहीत आकडे मांडत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन म्हणाले की टेकू काढायचा आणि यंत्र जवळजवळ आडवं करायचं. उतारावरची गाडी धरून ठेवायला ती उचलण्याइतकी ताकद लागत नाही. तसंच मला कलतं ठेवलं की वजनाचा सहावा हिस्साच स्प्रिंगवर येईल आणि मला चंद्रावर असल्यासारखंच वाटेल. अडचणी दोन होत्या. कलवताना कोन जरा चुकला तर स्प्रिंग ताणून कायमची निकामी होणार, आणि तिसरं यंत्र कुठेही नव्हतं. शिवाय समुद्राच्या लाटांनी किनाऱ्यावरची जमीन सदा थरथरत असते, तिथे टेकू काढलेल्या मला क्षणभरही स्वस्थ बसता आलं नसतं.

म्हणून मला मिठाच्या खाणीत नेलं. ह्यूस्टनच्या पलीकडे जमिनीखाली मिठाचा डोंगरच आहे, त्यात मोठमोठी दालनं कोरलेली. माणसांना खाली नेणारा पाळणा तळाला टेकला तेव्हा खाणीचा मुकादम आपल्या माणसांसह उभा होता. त्याने माझं गोल चंदेरी भांडं पाहिलं आणि म्हणाला, "आइस्क्रीम करायला आलात वाटतं? मीठ हवं तेवढं घ्या."

अर्विन यांनी अदबीने सांगितलं की दोन तास सुरुंग लावू नका, गाडी हलवू नका, आणि जमलं तर चालूही नका.

"मग आम्ही करायचं काय?"

अर्विन यांनी पुठ्ठ्याचा एक मोठा डबा उघडला. त्यांच्या बायकोने केलेले जर्दाळूचे आणि खसखशीचे कोलाचे, म्हणजे मधे सारण भरलेले गोड पाव होते, अजून ऊन. "हे खायचं," ते म्हणाले. खाणकामगार मिठाच्या ठोकळ्यांवर ओळीने बसले, आणि माझ्या आयुष्यात तेवढी शांत जमीन मी कधी अनुभवली नव्हती.

अर्विन यांनी मला कलत्या चौकटीत बसवलं. लव्हॉन भिंगातून आतलं अंतर वाचत होती, ते एकेक स्क्रू फिरवत होते. टेकूच्या स्प्रिंगला हात घालायची वेळ आली आणि त्यांचा हात थांबला.

"मिस लव्हॉन," ते हळू आवाजात म्हणाले, "दुसऱ्या कुणाला सांगू नका. पेटी बंद करताना मी एक स्क्रू पाव फेरा जास्त आवळला होता. गरज नव्हती. हाताला सवय म्हणून आवळला. गेले आठ दिवस मी मनात तोच पाव फेरा आवळतोय."

लव्हॉनने भिंगावरून डोळा काढला नाही. "मग यालाही तेवढाच आवळा," ती म्हणाली. "चूक असेल तर इथेच दिसेल. कळेल तरी."

 मग त्यांनी माझा तोच स्क्रू पाव फेरा आवळला आणि टेकू काढून घेतला. मित्रांनो, त्या क्षणी माझं वजन खाली झुकलं, स्प्रिंग ताणली गेली, आणि वाटलं की आता संपलं. लव्हॉन आकडे वाचत होती. "खाली. अजून खाली. थांबलं. वर येतंय. मधोमध आलं, मिस्टर अर्विन. मधोमध." त्यांनी श्वास सोडला तो मला जमिनीतून कळला.

माझ्यापासून वीस पावलं दूर वाळूची पिशवी खाली टाकली. माझी सुई उसळली, थरथरली, मंदावली आणि सरळ झाली. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. बारा वेळा. एकदाही सव्वा मिनिटाच्या वर गेली नाही.

अर्विन मिठाच्या ठोकळ्यावर टेकले. मुकादमाने उरलेला एक कोलाचा त्यांच्यापुढे धरला, तो त्यांनी नुसता हातात घेतला. "सव्वा मिनिट आमचं," ते म्हणाले. "मग उरलेला पाऊण तास कुणाचा?"

"चंद्राचा," लव्हॉन म्हणाली.

बैठकीत डॉ. पेनिक यांनी ते बारा कागद टेबलावर पसरले. फोनवर शंका काढणारे अभियंते स्वतः हजर होते. त्यांनी कागद दोनदा उलटसुलट पाहिले, कोन कसा मोजला ते विचारलं, आणि यंत्र पाठवावं या बाजूने पहिलं मत त्यांनीच दिलं. पुढच्या मोहिमांत आणखी भाऊ गेले. चंद्रावर चार ठिकाणी आमची माणसं बसली, असं मी म्हणतो. ठोका बसला की प्रत्येकाची रेघ तशीच दीर्घ थरथरायची. सगळ्यांना एकाच वेळी हुडहुडी भरणार नाही, हे मग शंकेखोरांनाही पटलं. कारण पुढे उमगलं. पृथ्वीच्या खडकांत पाणी मुरलेलं असतं, ते थरथर पिऊन टाकतं. चंद्राचा वरचा थर कोरडा ठणठणीत आणि तडा गेलेला. त्यात शिरलेली थरथर इकडून तिकडे आपटत फिरत राहते.

लव्हॉनने त्याहून मोठी गोष्ट शोधली. काचेच्या टेबलाखाली दिवा लावून ती रेघांचे कागद एकावर एक ठेवून बघायची. एका दुपारी दोन वेगळ्या महिन्यांतल्या रेघा तंतोतंत जुळल्या. मग तिसरी जुळली. चंद्राच्या खूप खोल पोटात ठरावीक जागी, पृथ्वीच्या ओढीने, दर महिन्याला तसाच बारीक चंद्रकंप होत होता. चंद्र अगदी मेलेला दगड नव्हता. हे सांगताना आजही माझा ऊर भरून येतो.

आठ वर्षांनी भावांना बंद करायचा हुकूम आला. कुणी नादुरुस्त झालं होतं म्हणून नाही, ऐकत बसायला आता माणसं आणि पैसा नव्हता म्हणून. एका सप्टेंबरात संदेश गेला आणि सगळ्या सुया सरळ झाल्या. अर्विन तोवर निवृत्त झाले होते, पण त्या दिवशी आले होते. टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि मग घरी गेले. पाच वर्षांनी ते वारले. मला कोठारात ठेवलं. बऱ्याच वर्षांनी माझ्यावर कुणीतरी कॉफीचं यंत्र ठेवलं, ते पुढे अकरा वर्षं तिथेच होतं. बाजूच्या फळ्यांवर भावांचे संदेश नोंदलेल्या चुंबकीय फितींची चक्रं धूळ खात होती. दोनदा त्या टाकून द्यायची यादी निघाली. दोन्ही वेळा लव्हॉनबाईंनी, आता त्यांना बाईच म्हणायला हवं, ती यादी हातात घेऊन प्रमुखांच्या दारात खुर्ची मांडली. "यातलं निम्मं अजून कुणी वाचलेलं नाही," एवढंच त्या म्हणायच्या, आणि उठायच्या नाहीत. निवृत्तीआधी त्यांनी प्रत्येक फीत नव्या फितीवर उतरवून घेतली.

भावांना बंद करून तीस वर्षं झाल्यावर मारिसोल कांतू नावाची संशोधक आली. तिच्याजवळ आता वेगवान संगणक होते. जुन्या रेघांचा गोंगाट गाळून तिला चंद्राचा गाभा शोधायचा होता. पण त्यासाठी आमचं कुटुंब कोणत्या थरथरीला किती हलतं, हे अचूक ठाऊक हवं होतं. कागदावरचे आकडे फार जुने होते. तिने विचारलं, तसं एखादं यंत्र कुठे शिल्लक आहे का? निवृत्तीनंतरही संस्थेत येणाऱ्या लव्हॉनबाईंनी तिला कोठारात आणलं आणि माझ्यावरचं कॉफीचं यंत्र स्वतः उचललं.

पुन्हा मला कलतं ठेवलं, पुन्हा टेकू काढला. मारिसोलचे आकडे पडद्यावर आले. लव्हॉनबाईंनी अर्विन यांची वही उघडून शेजारी धरली. मारिसोलने एकदा वहीकडे, एकदा पडद्याकडे पाहिलं. "हे त्यांनी हाताने मोजलं होतं?"

"हाताने," लव्हॉनबाई म्हणाल्या. "आणि मनात शंका ठेवून."

आकडे जुळले होते. पुढच्या वर्षी मारिसोलने दाखवून दिलं की चंद्राच्या अगदी मधोमध लोखंडाचा छोटासा गाभा आहे, त्याचा बाहेरचा भाग अजून वितळलेला. नवीन मोहीम नाही, नवीन यंत्र नाही. तीस वर्षांपूर्वीच सांगून झालेलं तिने नीट ऐकून घेतलं.

मित्रांनो, आता मी काचेच्या कपाटात आहे. तुमच्या घरात, शाळेत, कचेरीत अशा जुन्या फिती, वह्या, नोंदी पडलेल्या असतील. जागा अडते म्हणून टाकायला निघालात तर आधी विचारा, हे कुणी पूर्ण वाचलंय का?

आणि एक मागणं आहे. माझे चारही भाऊ अजून तिथेच आहेत. त्यांची वीज तोडली, वजनं मात्र स्प्रिंगांवर टांगलेली आहेत. दर महिन्याला चंद्राच्या पोटात थरथर होते तेव्हा ती हलत असतील. लिहून घ्यायला कुणी नाही, इतकंच. तुमच्यातलं कुणी पुढे तिकडे गेलं तर त्यांना आठवण म्हणून उचलून आणू नका. शेजारी नवी तार टाका, जोडा, आणि चार पावलं मागे सरून अगदी गप्प उभे राहा.