हनुवटी छातीकडे

“टाच,” मल-सुक पुटपुटली आणि सासूची उजवी टाच तिनं तळहातावर घेतली. “टाचेवर लाली. दाबून जात नसेल तर जखमेची सुरुवात. कूस बदलावी. चोळू नये.”

“टाचेशी काय बोलतेय गं तुझी सून?” पलीकडच्या खाटेवरून बोक-निम आजीनं विचारलं.

“जप करतेय,” सासू म्हणाली. “मला बरं वाटावं म्हणून. रोज येते. तुझी येते?”

“वर्षातून एकदा, चुसोकच्या सणाला येते. तोंड दाखवते, मोबाइल बघते आणि जाते.”

“मग?” सासूनं विजयानं छताकडे पाहिलं.

मल-सुक मान खाली घालून घोट्याकडे वळली. जप खराच चालला होता, पण तो सासूसाठी नव्हता. परीक्षेसाठी होता.

कोरियातल्या मोकपोच्या बंदरावर मासे साफ करता करता तिचे गुडघे गेले होते. बसलं तर उठता येत नव्हतं आणि उठलं की मुकादम म्हणायचा, “काकू, घरी नातवंडं सांभाळा.” नातवंडं नव्हती. नवरा ट्रकवर, आठवड्यातून एकदा झोपायला घरी. तेव्हा म्हाताऱ्या माणसांची देखभाल करण्याचा परवाना काढायचा, असं तिनं ठरवलं. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. धडे वाचताना समजायचे, पण पान उलटलं की गेले.

“घोकू नका, मावशी,” परवान्याच्या वर्गात शिकवणारी बाई म्हणाली होती. बाई म्हणजे पोरच, मल-सुकच्या लेकीच्या वयाची. “ओळखीची जागा घ्या. समजा तुमचं घर. एक गोष्ट दारात ठेवा, एक खिडकीत. परीक्षेत मनातल्या मनात घरभर फिरायचं आणि दिसेल ते लिहायचं.”

“अहो, माझ्या घरात आधीच पाय ठेवायला जागा नाही. धडे कुठं ठेवू?”

वर्ग हसला. बाईही हसली. “मग शरीर घ्या. डोक्यापासून पायापर्यंत.”

मल-सुकनं आधी स्वतःचं घेऊन बघितलं. गुडघ्यावर ठेवलेला धडा काही आठवेना, गुडघाच आठवायचा. शिवाय पुस्तकातलं शरीर म्हातारं होतं. अर्धं लुळं, अर्धं हट्टी. तसं एक तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. तिनंच ते या वृद्धाश्रमात आणून ठेवलं होतं.

सासूला झटका आला आणि डावी बाजू गेली, तेव्हा “मला उचलवत नाही हो” असं ती नवऱ्याला म्हणाली होती. ते खरं होतं. पुढे महिनोन् महिने आश्रमात तिची फेरी पंधरवड्यातून एकदा, तेही संत्री ठेवून परत, हेही खरं होतं. बाईनं युक्ती सांगितली आणि ती रोज यायला लागली. डाव्या खांद्यावर तिनं कपडे ठेवले: घालताना लुळी बाजू आधी, काढताना चांगली. माकडहाडावर गादीचा धडा ठेवला, ओठांवर औषधांचा. हनुवटीवर जेवणाचा: बसवावं, हनुवटी छातीकडे, पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. किमचीच्या लोणच्याची बरणी दाबून भरावी तशी तिनं सासू भरली. आणि सासू सगळ्या मजल्याला सांगत सुटली, की सून असावी तर अशी.

परीक्षेची तारीख जाहीर झाली. त्याच दिवशी सासूचा वाढदिवस होता.

वाढदिवसाला समुद्रशेवाळाचं सूप हवंच. केक नसला तरी चालतो, सूप नसेल तर माणूस जन्मल्यासारखंच वाटत नाही. पण परीक्षेच्या तोंडावर शेवाळ म्हणजे बुळबुळीत संकट. खाल्लं की परीक्षेत घसरलात. गेल्या खेपेला भाची बाळंत झाली, तिच्यासाठी केलेलं हेच सूप मल-सुकनं फक्त मीठ बघायला चमचाभर चाखलं होतं आणि निकाल सगळ्यांनी पाहिला होता.

“शिजवायचंसुद्धा नाही,” वर्गातली मैत्रीण ग्ये-ह्वा म्हणाली. “बाजारात शेवाळवालीकडे बघूसुद्धा नकोस. म्हातारीला सांग, नंतर करते. एक दिवस थांबली तर काय ती परत जन्माला यायची आहे?”

आदल्या दिवशी ती तेच सांगायला गेली.

“अहो आई, उद्या तुमचा...”

“उद्या कसला? जुन्या पंचांगानं असतो माझा. पुढच्या आठवड्यात येतोय. इतकी वर्षं सून आहेस, एवढं पाठ नाही?”

मल-सुकनं तोंड उघडलं. घरच्या कॅलेंडरवर जुनी तिथी बघून उद्याच्याच तारखेभोवती तिनं स्वतःच्या हातानं लाल गोल केला होता. आई विसरायला लागल्या, हे तिला कळलं. आणि आज विसरल्या ते बरंच झालं, हेही त्याच क्षणी तिच्या मनात येऊन गेलं.

“हो की,” ती म्हणाली. “पुढच्या आठवड्यात.”

मग तिनं खांद्यापासून उजळणी सुरू केली.

परीक्षेत सासू शहाण्यासारखी वागली. विचारलं ते तिनं दिलं. खांदा, कोपर, माकडहाड, टाच. मल-सुकची पेन्सिल भराभर गोल काळे करत होती. मग गिळायला त्रास होणाऱ्या रुग्णाला भरवण्याचा प्रश्न आला. ती हनुवटीशी गेली. हनुवटी दिसली, उत्तरही दिसलं. पण तिच्या वरचं तोंड मिटलेलं होतं आणि आज त्यात वाढदिवसाचं सूप गेलं नव्हतं. तिनं बरोबर उत्तराचा गोल काळा केला. तो करताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं.

परीक्षा संपल्यावर शाळेच्या फाटकाबाहेर सगळ्याजणी उत्तरं जुळवत होत्या. ती थांबली नाही. शेवाळवालीकडून तिनं जुडी घेतली, भिजवली, तिळाच्या तेलावर परतली, शिंपले घातले आणि डबा शालीत गुंडाळून उन्हं कलायच्या आत आश्रमात पोचली.

“आणलंत ते बरं केलंत,” दारातली सेविका म्हणाली. “सकाळी आमच्या स्वयंपाकघरातून वाढदिवसाचं सूप गेलं होतं, तर वाटी परत पाठवली आजींनी. म्हणाल्या, आज आमच्या घरात परीक्षा आहे.”

“मलाही खाऊ दिलं नाही!” खोलीतून बोक-निम आजी ओरडली. “म्हणे, खोलीत वाससुद्धा नको. मला कसली परीक्षा? मी शेवटची पास झाले ती लग्नाच्या वेळी, सासऱ्यानं दात मोजले तेव्हा.”

मल-सुक खाटेशी उभी राहिली. डब्याची ऊब तिच्या पोटाला लागत होती.

“आई... तुम्हाला माहीत होतं?”

“रोज माझ्या टाचेशी बोलतेस, परीक्षेला उरलेले दिवसही मोजतेस,” सासू म्हणाली. “टाच माझी, तर कान कुणाचे?”

“मग जप म्हणून का सांगत होतात सगळ्यांना?”

सासूनं चांगल्या हातानं चादरीची सुरकुती सरळ केली.

“झाली ना परीक्षा?” बोक-निम आजी म्हणाली. “आता बघ हं, आता ही पण चुसोकलाच येईल.”

मल-सुकनं खाटेची कळ फिरवून सासूला बसवलं, लुळ्या हाताखाली उशी दिली, गळ्याशी रुमाल बांधला. डबा उघडला. वाफ वर आली आणि खोलीभर समुद्राचा वास पसरला. धड्यातलं पुढचं वाक्य सवयीनं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं आणि चमचा भरला.

सासूनं, कुणी न सांगता, हनुवटी हळूहळू छातीकडे नेली आणि वाट बघत राहिली.